नोव्हेंबरात लॅक्स्टनला जा

अनेक आशीर्वाद.

इंग्लंडमधल्या एका खेड्याचा कारभार अभ्यासायचा आहे, सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. माझं उत्तर ठरलेलं आहे: नॉटिंगहॅमशायरमधलं लॅक्स्टन घे, आणि तिथे जायचं तर नोव्हेंबरच्या शेवटी जा. उन्हाळ्यात गाव छान दिसतं. नोव्हेंबरात ते काम करताना दिसतं.

लॅक्स्टनची शेती अजून मध्ययुगीन पद्धतीने वाटलेली आहे. वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड अशी तीन मोठी शिवारं आहेत. आत कुंपण नाही, आणि प्रत्येक शेतकऱ्याच्या पट्ट्या विखुरलेल्या. पाळीपाळीने एका शिवारात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, आणि तिसऱ्याला विसावा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत संसदेने हजारो कायदे करून देशभरची अशी शिवारं मोडली, ज्याची-त्याची जमीन कुंपणात घातली. लॅक्स्टनमध्येही काही भाग बंदिस्त झाला, पण या तीन शिवारांचा गाभा टिकला. मार्क पीअर्सने १६३५ साली केलेला इथला नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. जाण्याआधी त्याची प्रत नीट बघून घे.

नोव्हेंबरच्या शेवटी गावातले पंच नुकत्याच गहू पेरलेल्या शिवारात उतरतात. पट्टीच्या टोकाला उभे राहून नजर लावतात, जुनी खूण हरवली असेल तर अंतर मोजतात आणि लाकडी खुंटी ठोकतात. कोणी नांगरताना रस्त्यात किंवा गवताच्या पट्ट्यात घुसला असेल तर त्याचं नाव लिहून घेतात. आपल्याकडे ज्याला बांध कोरणं म्हणतात, तेच हे. पुढच्या आठवड्यात डव्हकोट इन या पबमध्ये कोर्ट लीट, म्हणजे जहागिरीच्या काळापासूनचं गावचं न्यायालय, भरतं, दंड ठरतो आणि पुढच्या वर्षाचे पंच नेमले जातात. दंड किरकोळ असतो, पण शेजाऱ्यांसमोर आपलं नाव वाचलं जाणं किरकोळ नसतं. १९७७ च्या कायद्याने देशातल्या कोर्ट लीटांचे न्यायाचे अधिकार काढून घेतले, तेव्हा लॅक्स्टनचं नाव घेऊन ते वगळलं.

त्या गवताच्या पट्ट्यांना तिथे साइक म्हणतात. नांगर चालत नाही अशा ओलसर, उतरत्या जागा. कधीच नांगरल्या न गेल्यामुळे तिथली रानफुलं टिकली, आणि आज त्या संरक्षित आहेत. म्हणजे पंच नांगराची रेघ तपासतात तेव्हा नकळत फुलंही राखतात. तुझ्या प्रबंधाचा कणा मला इथे दिसतो. जमिनीचे मालक बदलत गेले: १९५२ मध्ये अर्ल मॅनव्हर्सकडून कृषी मंत्रालय, १९८१ मध्ये क्राउन इस्टेट (राजमुकुटाच्या जमिनी सांभाळणारी संस्था), २०२० मध्ये थोर्सबी इस्टेट. खुंट्या ठोकणं मात्र चालू राहिलं.

बाकीचा कारभार पॅरिश कौन्सिलचा, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या गावच्या परिषदेचा. ही १८९४ च्या कायद्याची देणगी. सदस्य बिनपगारी असतात, कौन्सिल कर-आकारणीत आपला छोटा हिस्सा मागते, बांधकामाच्या अर्जांवर मत देते. परवानगी देण्याचा अधिकार वरच्या कौन्सिलचा, म्हणून पुष्कळ अभ्यासक ते मत बिनमहत्त्वाचं समजतात. तसं समजू नकोस. का, ते सांगतो.

मी आमच्या गावच्या कौन्सिलवर नवा होतो. एक जुनं झुडपी कुंपण काढायचा अर्ज मतासाठी आला. अशा कुंपणांसाठीच्या १९९७ च्या नियमांनुसार पॅरिश कौन्सिलला विचारावं लागतं. मी घरी टेबलावर नकाशा उघडला, सत्तर-ऐंशी मीटरची बारीक रेघ पाहिली आणि 'हरकत नाही' म्हणालो. ते कुंपण गावाच्या जुन्या शिवेवर होतं. १८५० पूर्वीच्या पॅरिशची शीव दाखवणारं, तीस वर्षांहून जुनं कुंपण त्या नियमांत महत्त्वाचं धरतात. आम्ही तेवढं कळवलं असतं तर ते वाचण्याची खरी संधी होती. मला कळलं तेव्हा तिथे उपटलेल्या मुळांचे ढीग होते आणि एक जाड, जुनं हॉथॉर्नचं खोड आडवं पडलं होतं. माझ्या घरापासून चालत वीस मिनिटं. त्यानंतर न बघता मी एकाही अर्जावर बोललो नाही.

म्हणून मुलाखतींची यादी करण्याआधी कौन्सिलच्या दोन सभांना मागे बसून ये. सभा सर्वांना खुल्या असतात. तक्रार कशाची होते, कोण किती वेळ गप्प बसतं, ते लिही. मग पंचांबरोबर शिवारात यायला मिळेल का, हे आधीच विचारून घे. ती त्यांच्या कामाची वेळ असते.

तिथली माती चिकट आहे, साधे बूट टिकणार नाहीत. माझ्याकडे गमबुटांची जास्तीची एक जोडी आहे. तुझं माप कळव.