प्रश्न तुमचे: लोटस ४९ चं मॉडेल, वायरी, पाइप आणि पावसाळा

मागच्या अंकात लोटस ४९ या १९६७ च्या फॉर्म्युला वन गाडीच्या १/१२ स्केल मॉडेलवर लिहिलं होतं. त्यावर बरेच मेल आले, सगळ्यांना जागा नाही, आणि किट स्वस्तात कुठं मिळेल एवढंच विचारणारे मी सरळ बाजूला ठेवलेत, दर महिन्याला भाव बदलतो हो, छापून येईपर्यंत उत्तर शिळं.

प्रश्न: मी मेकॅनिकलच्या सेकंड इयरला आहे. आत्तापर्यंत साधी किट्स बॉक्समधून काढली तशीच जोडली. आता लोटस ४९ घेऊन फुल डिटेल करायचंय. सुरुवात कुठून करू? फोटोएचचे सेट आधी घेऊ का? (एक वाचक, नाशिक)

फोटोएच, म्हणजे पत्र्यातून कोरलेले बारीक पार्ट, ते राहू द्या. आधी तारीख ठरवा. म्हणजे तुमची गाडी नक्की कुठल्या रेसची, कुठल्या ड्रायव्हरची. हे ठरवल्याशिवाय एक पार्ट कापू नका, कारण ४९ ही एक गाडी नाहीच, १९६७ ते १९७० पर्यंत ती पळत होती आणि दर काही महिन्यांनी तिचं काहीतरी बदलत गेलं. ४ जून १९६७, हॉलंडचं झांडफोर्ट, समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांमधला ट्रॅक, तिथं ती पहिल्यांदा उतरली, लोटसच्याच ग्रॅहम हिलनं पोल घेतली, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, पुढेही होता पण इंजिन गेलं, आणि जिम क्लार्क मागून येऊन पहिल्याच रेसला जिंकला. नवी गाडी, नवं इंजिन आणि थेट विजय. ती गाडी हिरवी, मध्ये पिवळा पट्टा, आणि विंग एकही नाही. १ जानेवारी १९६८ ला दक्षिण आफ्रिकेत क्यालामीला क्लार्क जिंकला, त्याचा फॉर्म्युला वनमधला शेवटचा विजय, तेव्हाही हिरवीच. त्यानंतर सिगरेट कंपनीचे लाल-सोनेरी रंग आले, ४९बी आली, नाकावर आणि मागं पंख आले. आणि २० जुलै १९६८ ला इंग्लंडमध्ये ब्रँड्स हॅचला जो सिफर्ट जिंकला ती रॉब वॉकर टीमची ४९बी गडद निळी. टामिया कंपनीनं १/१२ मध्ये ४९ आणि ४९बी दोन्ही काढल्यात, १/२० मध्ये एब्रोची आहे, तेव्हा बॉक्सवरचा नंबर नीट बघून घ्या.

तारीख ठरली की निम्मी कामं आपोआप कमी होतात, खरंच. उदाहरणार्थ सीटबेल्ट. फुल डिटेल म्हटलं की पोरं पहिल्यांदा कापडी बेल्ट आणि बारीक बकल मागवतात, पण १९६७ च्या झांडफोर्टच्या गाडीत बेल्ट नव्हते, फॉर्म्युला वनमध्ये ते सक्तीचे झाले १९७२ ला. नेटवर जे चकाचक रंगीत फोटो दिसतात ते बहुतेक आजच्या हिस्टॉरिक रेसिंगमधल्या गाड्यांचे, त्यात बेल्ट असतात, आग विझवायचा सिलिंडर असतो, डोक्यामागचा रोल बार उंच केलेला असतो. तसंच्या तसं कॉपी केलं तर मॉडेल सुंदर होईल पण १९६७ चं होणार नाही. जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो शोधा, रेसच्या आधी पिट्समध्ये कव्हर काढून ठेवलेले असतात ना ते.

दुसरी गोष्ट, आणि ही मेकॅनिकलवाल्याला सांगायला मजा येते. या गाडीला मागं चॅसी नाहीये. लोटसच्या कॉलिन चॅपमन आणि मॉरिस फिलिप यांनी ॲल्युमिनियमचा टब, म्हणजे ड्रायव्हर बसतो तो पुढचा सांगाडा, त्याच्या पाठीशीच संपवला, त्याला कॉसवर्थचं डीएफव्ही इंजिन बोल्टनं जोडलं आणि मागचं सस्पेन्शन इंजिन-गिअरबॉक्सवर टांगलं. म्हणजे इंजिन हाच गाडीचा मागचा अर्धा सांगाडा. मॉडेलमध्येही अगदी तेच होतं, इंजिन टबला अर्धा मिलिमीटर तिरकं चिकटलं की मागचं एक चाक हवेत, आणि मग तुम्ही सस्पेन्शनला दोष देत बसता. म्हणून गोंद न लावता आधी सगळं जुळवून बघा, जाड काचेच्या तुकड्यावर ठेवा, चारी चाकं टेकली तरच चिकटवा. मी तर म्हणेन मुख्य जोडाला धातूची पिन घाला, नुसत्या प्लास्टिक सिमेंटवर, म्हणजे गोंदावर, सोडू नका.

प्रश्न: इंजिनच्या वायरी आणि ब्रेकचे पाइप यांना कुठली वायर वापरावी? माझ्या वायरी नेहमी दोरखंडासारख्या दिसतात. (एक वाचक, पुणे)

कारण जाडी डोळ्यानं ठरवता. भागाकार करा. प्लगची वायर खऱ्या गाडीत साधारण ७ मिलिमीटर, १२ नं भागली की ०.५८, आणि १/२० ला ०.३५. ब्रेकचा कडक पाइप ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिलिमीटर, १/१२ ला ०.४. दुकानात 'बारीक वायर द्या' म्हटलं की एक मिलिमीटरची देतात, ती या गाडीत १२ मिलिमीटरची झाली, पाण्याचा पाइप म्हणून चालेल फार तर.

सामान आपल्याकडेच मिळतं. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड, पुण्यात पासोड्या विठोबाजवळची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं, तिथं बारीक इन्शुलेटेड वायर आणि तापवली की आवळणारी हीट श्रिंक नळी. तुटलेल्या इअरफोनची वायर टाकू नका. ब्रेक पाइपला गिटारची स्टील तार, ०.०१६ इंचाची म्हणजे बरोब्बर ०.४ मिलिमीटर, फक्त ती स्प्रिंगसारखी उसळते, वाकवायला तांब्याची जास्त सोयीची. पोकळ नळी किंवा पाइपच्या टोकाची फिटिंग हवी असेल तर मेडिकलमधून इंजेक्शनच्या सुया, २३ गेजची बाहेरून सुमारे ०.६, २६ ची ०.४५, इन्शुलिनची ३१ वाली पाव मिलिमीटर. टोक आधी तोडा आणि तुकडा डबीत, जमिनीवर पडला तर घरच्यांच्या पायात जाणार.

आणि वायर कुठून कुठं जाते ते कळल्याशिवाय लावू नका. डीएफव्हीला प्रत्येक सिलिंडरला एकच प्लग, चार व्हॉल्व्हच्या मधोमध, म्हणजे आठ वायरी, सिलिंडरच्या दोन तिरक्या ओळींमधल्या 'व्ही'मधून निघून दोन्ही कॅम कव्हरच्या मधल्या खाचेत शिरतात. हवा वरून 'व्ही'च्या आत, एक्झॉस्ट बाहेरच्या बाजूला. एवढं डोक्यात बसलं की अर्धा गुंता सुटतो. भोकं पाडायला सराफांकडचे बारीक ड्रिल आणि हातात फिरवायचा पिन व्हाइस, इलेक्ट्रिक ड्रिल नको, प्लास्टिक वितळतं.

प्रश्न: मी रिटायर्ड टर्नर, घरी छोटं लेथ आहे. नातवाच्या किटमधले इंजिनवरचे कर्णे प्लास्टिकचे आणि जाड वाटतात. ॲल्युमिनियमचे करून देऊ का? (एक आजोबा, नागपूर)

काका, नक्की करा, या मॉडेलवर सगळ्यात जास्त फरक पडणारा पार्ट तोच. आठ कर्णे, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांची तोंडं, गाडीच्या पाठीवर उघडे, नजर पहिली तिथंच जाते. किटचा कर्णा व्हर्नियरनं मोजा, बाहेरचं माप तेच ठेवा पण आतून बोअर करून काठ पातळ करा, प्लास्टिक मार खातं ते काठावर. फॉर्म टूल (कर्ण्याच्या आकाराचं हत्यार) घासून घेतलंत तर आठही सारखे निघतील, तरी दोन जास्तीचे करा. उंचीत काही थाउंचा (इंचाच्या हजाराव्या भागांचा) फरक असला तरी ओळीत उभे केल्यावर लगेच दिसतो, हे तुम्हाला मी काय सांगणार. फार पॉलिश नको, आरसा केला की खेळणं वाटतं.

तुम्ही पुढं एक्झॉस्टबद्दलही विचारलंय, दोन्ही बाजूंचे पाइप मध्ये एकमेकांत का जात नाहीत म्हणून. कारण क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) फ्लॅट-प्लेन आहे, म्हणजे त्याचे सगळे वाकडे भाग एकाच पातळीत, प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरचे धक्के समान अंतरानं येतात, म्हणून चार पाइप त्याच बाजूला एकात मिळतात. फोर्ड जीटी४० चा क्रँक वेगळा, तिथं डावीकडचे उजवीकडं ओलांडून न्यावे लागले आणि सगळा सापांचा गुंता झाला. तुमच्या सुदैवानं इथं सोपं आहे, सोल्डरची तार वाकवून नमुना करा आणि मग नळी.

प्रश्न: हिरवा रंग मारला की वाळल्यावर पांढरट झाक येते. कॅन खराब आहे का? (एक वाचक, रत्नागिरी)

कॅन चांगला आहे, हवा ओली आहे. लॅकरमधला थिनर झपाट्यानं उडतो, उडताना पृष्ठभाग गार होतो, आणि जुलैत तुमच्याकडच्या हवेतलं पाणी त्या गार रंगावर बसून आत अडकतं. पाऊस थांबेल त्या दुपारी मारा, पातळ थर द्या, मध्ये भरपूर वेळ सोडा. एअरब्रश असेल तर थिनरमध्ये थोडा रिटार्डर, म्हणजे तो सावकाश उडतो. झाक आलीच असेल तर कोरड्या दिवशी नुसत्या थिनरचा अगदी हलका फवारा द्या, बऱ्याचदा निघून जाते, नाही गेली तर वॉटर पेपर आणि परत. खरं सांगायचं तर कोकणात पावसाळ्यात इंजिन करावं आणि बॉडी दिवाळीनंतर रंगवावी.

पट्ट्याबद्दल: पिवळा आधी. पांढऱ्या प्रायमरवर पिवळा, तो पूर्ण वाळला की पट्ट्यावर मास्किंग टेप, मग हिरवा. हिरव्यावर पिवळा मारायला गेलात तर झाकायला इतके थर लागतात की कडेला पायरी तयार होते. टामियाचे टीएस-९ आणि टीएस-४३ दोन्ही हिरवे लोक वापरतात, दोन्ही चमच्यावर मारून उन्हात बघा आणि ठरवा, यावर भांडणारे भांडोत.

प्रश्न: मुलगा बेडरूममध्ये स्प्रे मारतो, खूप वास येतो. हे धोक्याचं आहे का? (एक आई, ठाणे)

हो. बेडरूममध्ये नाही म्हणजे नाही. गॅलरीत, खिडक्या उघड्या, जवळ गॅस, देवघरातलं निरांजन, उदबत्ती काही पेटलेलं नको. कापडी किंवा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही, कार्बन कार्ट्रिजवाला लागतो. आणि गॅरेजवाले वापरतात तो हार्डनरवाला टू-के क्लिअर घरात आणूच देऊ नका, त्यातलं आयसोसायनेट फुफ्फुसाला कायमचं बाधतं, तशीही या गाडीला इतकी चमक शोभत नाही.

प्रश्न: मी साउथॅम्प्टनला असतो, जवळच ब्यूलीचं नॅशनल मोटर म्युझियम आहे, तिथं लोटस ४९ आहे असं कळलं. मॉडेलसाठी काय काय फोटो काढू? (एक वाचक, इंग्लंड)

नशीबवान आहात. पूर्ण गाडीचे पोस्टकार्डछाप फोटो नकोत, ते मिळतात. एक फोटो मात्र अगदी काटकोनात, बाजूनं, जमेल तेवढं लांब जाऊन झूम करून, म्हणजे आकार ताणला जात नाही. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २४१३ मिलिमीटर, १/१२ ला २०१, त्यावरून फोटोतलं कुठलंही माप काढता येईल. बाकी सगळे जवळचे: टब आणि इंजिन जिथं बोल्टनं जुळतात तो जोड, दोन्ही बाजूंनी. टबच्या बाजूंवरचे रिवेट, ओळी आणि अंतर, कारण बाजूचा पत्रा हीच बॉडी आहे, फायबर फक्त नाक आणि कॉकपिटभोवती. पुढचे स्प्रिंग बॉडीच्या आत आहेत, तिथं वाकून जे दिसेल ते. पेडल. आरशांचे दांडे. गिअरबॉक्सच्या मागचं तर हमखास काढा, तिकडचे फोटो कुणी काढतच नाही. कुठला भाग नंतर बदललेला वाटला तर तिथल्या माणसाला विचारून घ्या आणि फोटोंसोबत लिहून ठेवा. आणि आम्हालाही पाठवा, नाशिकच्या मुलाला लागतील.