पिचरच्या कोपराची गोष्ट

आपला वेगवान गोलंदाज दिवसाला वीस षटकं टाकतो. मग बेसबॉलमधला पिचर एक सामना खेळून चार दिवस बसून का राहतो? (नाशिक)

बसून राहत नाही. त्या दिवसांत तो धावतो, हलके थ्रो करतो, एकदा बुलपेनमध्ये (पिचरच्या सरावाच्या जागेत) सरावही करतो. फरक कोपरात आहे. गोलंदाज लांबून धावत येतो आणि हात सरळ ठेवून चेंडू टाकतो. पिचर उंचवट्यावर जागच्या जागी पाऊल टाकतो आणि कोपर वाकवून ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेग काढतो. पाय-कमरेतून आलेला जोर कोपराच्या आतल्या बाजूच्या एका छोट्या लिगामेंटला (हाडांना हाड जोडणाऱ्या पट्ट्याला) झेलावा लागतो, तोही एका सामन्यात नव्वद-शंभर वेळा.

टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली की करिअर संपतं का? (ठाणे)

नाही. ही फाटलेल्या लिगामेंटची दुरुस्ती. अंगठा आणि करंगळी जुळवा, मनगट जरा आत वळवा. मधोमध जी दोरी उठून दिसते ना (काहींना ती नसतेच), तोच या शस्त्रक्रियेत वापरलेला स्नायुबंध (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी). 1974 साली डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्स संघाचा पिचर टॉमी जॉन याच्या उजव्या हातातून तो काढून डाव्या कोपरात, फाटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवला. 1975चा अख्खा हंगाम गेला. 1976 मध्ये जॉन परतला आणि 1989 पर्यंत, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळला. त्याच्या 288 विजयांपैकी 164 शस्त्रक्रियेनंतरचे आहेत.

पण यावरून 'ऑपरेशन केलं की वेग वाढतो' असं काही पालक धरून चालतात, ते साफ चूक आहे. ही दुरुस्ती आहे, आणि सामन्यात परतायला वर्षभर किंवा जास्तच घाम गाळावा लागतो.

भारतातून कुणी पिचर झालंय का? (कोल्हापूर)

हो. उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. 2008 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन संघाने दोघांशी करार केला. मेजर लीगपर्यंत, म्हणजे तिथल्या सर्वोच्च पातळीच्या बेसबॉलपर्यंत, ते पोहोचले नाहीत. पण त्याआधी बेसबॉल कधी न खेळलेल्या पोरांनी तिथवर जाणं हेच मला फार मोठं वाटतं.

न्यू जर्सीतला माझा भाचा तेरा वर्षांचा आहे. शाळेकडून आणि क्लबकडूनही पिचिंग करतो. चालेल का? (पुणे)

ताई, इथे मी स्पष्टच सांगतो: दोन्हीकडचे चेंडू एकत्र मोजा. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल (अमेरिकेतली बेसबॉल संघटना) यांच्या नियमावलीत या वयाला दिवसाला जास्तीत जास्त 95 पिच (टाकलेले चेंडू) आहेत, आणि 66 किंवा जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. दोन्ही प्रशिक्षक आपापल्या जागी नियम पाळत असतील, पण कोपर एकच आहे. वहीत रोजचा आकडा लिहायला सांगा, वही दोघांनाही दाखवा. आणि 'कोपर दुखतंय' असं पोरगं म्हणालं, तर त्या दिवशी चेंडू हातात देऊ नका, फायनल असली तरी.