रोज दालचिनीचं पाणी प्यायलं तर यकृताला त्रास होतो का?

दालचिनी कुठली, त्यावर आहे. जळगावात किराण्याच्या दुकानात स्वस्त, सुटी मिळते ती बहुधा कॅसिया: जाड, कडक, एकाच सालीची, मोडायला जोर लागतो. सिलोनची मात्र पातळ सालींच्या थरांची, विडीसारखी वळलेली, बोटांनी चुरते. दोन्हींचा वास मुख्यतः सिनॅमाल्डिहाइडचा. फरक आहे तो कुमारिनमध्ये, म्हणजे सालीतल्या एका नैसर्गिक रसायनात. कॅसियात ते भरपूर, सिलोनमध्ये नाममात्र, आणि काही लोकांच्या यकृताला तेच बाधतं. युरोपात ठरवलेली मर्यादा वजनाच्या किलोमागे रोज ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६. चमचाभर कॅसिया पूड ही मर्यादा सहज ओलांडू शकते.

शेवभाजीच्या काळ्या मसाल्यातल्या तुकड्याने काही होत नाही. आमच्या घरी त्यासाठी कॅसियाच भाजतात, वास ठसकेबाज येतो. रोज घ्यायचीच असेल तर सिलोन घ्या, तीही चिमूटभर. साखर उतरते म्हणून मधुमेहाची गोळी मात्र सोडू नका, तेवढा भक्कम पुरावा नाही.

जाता जाता: तमालपत्र याच कुळातलं. पानावर देठापासून तीन ठळक शिरा दिसल्या की आपलं, मधोमध एकच असेल तर ते युरोपातलं बे लीफ.