सर्व्हरवर नवा कोड चढवताना

एसएसएचने (दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे आज्ञा चालवण्याच्या सोयीने) सर्व्हरवर शिरून चालू फोल्डरमधल्याच फाइली बदलण्याची सवय आपण आताच मोडावी, असे मी आग्रहाने सांगेन. कारण अर्ध्या फाइली नव्या आणि अर्ध्या जुन्या असताना आलेली रिक्वेस्ट नेमकी कोणत्या कोडवर चालली, हे नंतर शोधणे फार जिकिरीचे होते. प्रत्येक आवृत्ती स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवावी, तिची पॅकेजेस (तिला लागणारे तयार कोडचे संच) तिथेच इन्स्टॉल करावीत आणि सगळे तयार झाल्यावरच सिमलिंक, म्हणजे चालू आवृत्तीच्या फोल्डरकडे बोट दाखवणारी खूण, तिच्याकडे वळवावी. नोड किंवा पायथनवर चालणाऱ्या प्रोग्रामच्या चालू प्रोसेसच्या मेमरीत तरीही जुनाच कोड असतो, म्हणून ती रीस्टार्ट करावी लागते. पासवर्ड आणि गुप्त डिजिटल किल्ल्या गिटमध्ये, म्हणजे कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साठ्यात, कधीही नकोत.

खरा धोका डेटाबेसमध्ये असतो. मी एकदा कॉलमचे नाव थेट बदलले. पुढे बिघाड झाल्यावर कोड मिनिटभरात मागे घेतला, पण जुना कोड जुन्याच नावाचा कॉलम शोधत राहिला आणि प्रत्येक पानावर ५०० क्रमांकाची, म्हणजे सर्व्हरमध्येच बिघाड असल्याची, एरर येऊ लागली. तेव्हापासून मी आधी नवा कॉलम जोडतो, काही काळ दोन्हींत लिहितो, जुना डेटा हलवतो आणि जुना कॉलम पुढच्या एखाद्या आवृत्तीतच काढतो. कोड चढवल्यावर लगेच उठू नये. निदान दहा मिनिटे एरर लॉग (चुकांची नोंदवही) डोळ्यांसमोर उघडा ठेवावा.