‘इंट्राम्युरल’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : एकाच शाळेच्या वर्गावर्गांत होणाऱ्या, म्हणजे ‘इंट्राम्युरल’ सामन्यांना ‘आंतरशालेय’ म्हणता येईल का?

नाही. ‘आंतरशालेय’ म्हटले की निरनिराळ्या शाळा एकमेकींशी खेळणार. लॅटिनमध्ये ‘इंट्रा’ म्हणजे आत आणि ‘मुरुस’ म्हणजे भिंत. भिंतींच्या आतले ते इंट्राम्युरल. यासाठी सरळ शब्द ‘शालांतर्गत’, तसेच ‘महाविद्यालयांतर्गत’.

गोंधळ होतो तो ‘आंतर’मुळे. संस्कृतात त्याचा अर्थ ‘आतला’ असाच आहे, पण मराठीत आंतरराष्ट्रीय, आंतरजातीय अशा शब्दांनी ‘परस्परांमधला’ हा अर्थ पक्का केला. आतल्यासाठी ‘अंतर्’ उरतो : अंतर्देशीय पत्र देशातल्या देशातच जाते. मग ‘अंतर्’ लावून शब्द का करू नये? कारण तो पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो. ‘अंतर्महाविद्यालयीन’ होते, पण ‘शालेय’पूर्वी ‘अंतःशालेय’. शिवाय ‘अंतर्महाविद्यालयीन’ आणि ‘आंतरमहाविद्यालयीन’ यांतला फरक ध्वनिक्षेपकावरून कुणाच्या कानाला कळणार? ‘अंतर्गत’ शब्दाच्या शेवटी आला की हा घोटाळाच होत नाही.

मात्र तो पुरा लिहावा. नुसते ‘शालांतर’ केले तर भाषांतर, देशांतर यांच्या चालीवर अर्थ होईल ‘दुसरी शाळा’. ‘शालान्त’ परीक्षेचा तर याच्याशी काही संबंध नाही. तिथे शाला अधिक अन्त आहे.

‘विद्यापीठांतर्गत’ लिहिताना अधिक जपावे. एकाच विद्यापीठाच्या महाविद्यालयांमधली स्पर्धा विद्यापीठाच्या दृष्टीने अंतर्गत आणि महाविद्यालयांच्या दृष्टीने आंतर असते. कोणती भिंत धरली आहे त्यावर शब्द ठरतो. त्यातच ‘योजनेअंतर्गत’सारख्या प्रयोगांमुळे ‘अंतर्गत’ला ‘अखत्यारीत’ अशीही छटा आली आहे. म्हणून या स्पर्धेला ‘आंतरमहाविद्यालयीन’ म्हणणेच निःसंदिग्ध.

याच्या उलट शब्दाला, ‘एक्स्ट्राम्युरल’ला, मराठीत फार सुरेख प्रतिशब्द रुळला आहे : बहिःशाल. मुंबई विद्यापीठाचा बहिःशाल शिक्षण विभाग त्याच नावाने ओळखला जातो. संस्कृतात ‘शाला’ म्हणजे घर, दालन; त्यामुळे मूळ शब्दातली भिंतसुद्धा त्यात आली. त्याच धर्तीवर ‘अंतःशाल’ निर्दोष आहे आणि मला तो मनापासून आवडतो. पण तो रुळलेला नसल्याने सूचनाफलकावर ‘शालांतर्गत’ लिहावे, किंवा सरळ ‘वर्गावर्गांतील सामने’.