किकर, पंटर आणि रफिंगचा घोळ

प्रश्न आलाय की अमेरिकन फुटबॉलमध्ये धडक पंटरला (हातातून सोडलेला बॉल लाथेने दूर पाठवणाऱ्याला) बसली तरी रेफरी 'रफिंग द किकर', म्हणजे काहींच्या भाषांतरात 'किकरला मारहाण', का म्हणतो, पंटर आणि किकर वेगळे ना? टीममध्ये वेगळे, नियमात नाहीत. बॉलला लाथ घालणारा तो किकर, झालं.

मला राग येतो तो जरा पाय लागला की "रफिंग रफिंग" ओरडणाऱ्यांचा. अहो, दोन वेगळे फाऊल आहेत ते! एनएफएलमध्ये, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक लीगमध्ये, किकरचा लाथेचा पाय अजून हवेत आहे आणि तुम्ही त्याचा टेकलेला पाय उडवलात, तर ते रफिंग, १५ यार्ड आणि वर किकरच्या टीमला फर्स्ट डाऊन (डाऊन म्हणजे बॉल पुढे न्यायचा एक चान्स), म्हणजे चार नवे चान्स फुकटात. नुसता लाथेच्या पायाला धक्का लागला तर ते 'रनिंग इंटू', ५ यार्ड, आपोआप फर्स्ट डाऊन वगैरे काही नाही. म्हणजे चौथ्या, शेवटच्या डाऊनला ८ यार्ड हवे असतील तर रफिंगमध्ये बॉल किकरच्या टीमकडेच, आणि रनिंग इंटूमध्ये अजून ३ यार्ड बाकीच, बसा परत पंट करत. आणि आधी बॉलला हात लागला असेल किंवा किकरच्याच माणसाने ढकलून त्याच्यावर घातलं असेल तर फाऊलच नाही. हे सगळं 'किकरला मारहाण' ह्या भाषांतरात कुठे बसवणार?

पण खरी गंमत पंटरची. हातातून सोडलेला बॉल जमिनीला लागायच्या आत लाथाडायचा तो पंट, रग्बी शाळेच्या १८४५च्या नियमांपासूनचा शब्द, बहुतेक ढकलणे-टोला देणे अर्थाच्या गावठी इंग्रजी शब्दातून आलेला. काही पंडित तो बांबूने ढकलायच्या 'पंट' होडीला नेऊन बांधतात, कशासाठी देव जाणे, ती होडी सरळ लॅटिन 'पोंटो'वरून आलीय, पाँटूनची सख्खी बहीण. आणि आपला मुंबईचा पंटर, भाईचा पोऱ्या, तो तिसराच! तो बहुधा पैसे लावणारा पंटर, फ्रेंच 'पोंते' म्हणजे डाव लावणे, त्यातून. माझं मत विचाराल तर सट्ट्याच्या अड्ड्यावरचं गिऱ्हाईक हळूहळू अड्डेवाल्याचा माणूस झालं आणि शब्दही त्याच्यामागे गेला.  रिकी पॉन्टिंगला पंटर म्हणायचे तेही कुत्र्यांच्या शर्यतीवर पैसे लावायचा म्हणून, लाथेशी काही संबंध नाही.

हां, आणि 'रफिंग'मधला 'रफ' तोच, रफ वहीतला. रफू मात्र फारसी, तो ह्यात घुसडू नका.