क्युन्त्सेल्साऊला घर शोधताना: आधी चढ बघा, मग भाडं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बडोद्याच्या दांडिया बाजारातलं बिऱ्हाड हलवून जर्मनीत, बाडेन-व्युर्टेम्बर्गमधल्या क्युन्त्सेल्साऊ या छोट्या गावी जायचंय. नोकरी गाइसबाख भागात, बरोबर बायको आणि चार वर्षांची मुलगी, गाडी लगेच घ्यायची नाही. घर खाली गावात घ्यावं, वर टालेकर वस्तीत, की सरळ हाइलब्रोनसारख्या शहरात? आणि तिथला ‘चांगला एरिया’ कोणता?

शेवटचा प्रश्न आधी घेतो. बडोद्यात अलकापुरी, कारेलीबाग, मांजलपूर एवढं म्हटलं की भाडं, शेजार, शाळा सगळं कळतं. पंधरा-सोळा हजार वस्तीच्या गावात असे एरिये नसतात. डॉक्टर आणि फिटर एकाच गल्लीत राहतात. फरक पडतो तो उंचीचा आणि बसचा. गाव कोखर नदीच्या अरुंद खोऱ्यात आहे. जुना भाग, बस स्थानक, नगरपालिका खाली. टालेकर (नाव ऐकून कुणाचं आडनाव वाटेल, पण ती वस्तीच आहे) आणि गार्नबेर्ग वर. गाइसबाखही वर. पण दोन्ही वर म्हणजे शेजारी, असं समजू नका. घर ठरवायच्या आधी त्या पत्त्यावरून कामाच्या पत्त्यापर्यंतची बस कुठे बदलावी लागते ते बघा, नाहीतर रोज एकदा खाली उतरून पुन्हा चढायची पाळी येईल. टालेकर आणि गाव यांच्यामध्ये रुळांवर दोरीने ओढली जाणारी बेर्गबान आहे. तिचं वेळापत्रक आणि ती सध्या चालू आहे की दुरुस्तीला काढलीय, हे आधी तपासा.

हाइलब्रोनचा विचार सोडा. क्युन्त्सेल्साऊला प्रवासी रेल्वे नाही. जवळची स्टेशनं वाल्डेनबुर्ग आणि ओरिंगेन, तिथून पुढे बस. शहरात राहून रोज आगगाडी आणि बस धरायची म्हणजे एक जोडगाडी चुकली की तास गेला. बायकोला शहरात काम मिळणार असेल तर मधलं ओरिंगेन विचारात घ्या. हाइलब्रोनकडे जाणारी एस-४ ही लोकल तिथून सुटते, आणि हॉस्पिटलही तिथेच आहे. क्युन्त्सेल्साऊचं हॉस्पिटल २०१९ मध्ये बंद झालं.

आता बस. नवीन माणूस इथेच फसतो. नकाशावर मार्ग टाकला की ‘दर अर्ध्या तासाला’ असं दिसतं, कारण तुम्ही मंगळवारी सकाळी आठचा वेळ टाकलेला असतो. तोच मार्ग चार वेळा टाका: शनिवारी दुपारी, रविवारी, संध्याकाळी आठनंतर, आणि ऑगस्टमधल्या एखाद्या मंगळवारी. ऑगस्ट अशासाठी की त्या राज्यात जुलैअखेरीपासून सुमारे सहा आठवडे शाळांना सुट्टी असते, आणि खेड्यांकडच्या बऱ्याच फेऱ्या शाळेच्या मुलांसाठीच असतात. वेळापत्रकात त्या फेरीच्या डोक्यावर एक बारीकसं अक्षर असतं. खालच्या टिपेत त्याचा अर्थ लिहिलेला असतो: फक्त शाळेच्या दिवशी. काही फेऱ्यांच्या पुढे टेलिफोनचं चित्र असतं. ती बस किंवा टॅक्सी आधी फोन करून बोलावल्याशिवाय येतच नाही. जिथे रविवारची बस नाही, तिथे गाडीशिवाय बायको-मुलीला ठेवू नका. डॉइचलांड-टिकिट जानेवारी २०२६ पासून महिना ६३ युरो आहे आणि देशभरातल्या लोकल गाड्या-बसना चालतं. पण बसच नसेल तर तिकिटाचा उपयोग काय.

‘सहा महिन्यांनी गाडी घेऊ’ हा बेतही तपासून घ्या. भारतीय लायसन्स तिथे राहायला गेल्यापासून सहाच महिने चालतं. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी इंग्रजीत देता येते, प्रत्यक्षात परीक्षक जर्मनच बोलतो. बडोद्यात वीस वर्षं गाडी चालवलेली माणसंसुद्धा उजव्या हाताला येणाऱ्याला आधी जाऊ द्यायच्या नियमावर नापास होतात. तेव्हा पहिलं घर गाडी नाही असं धरूनच निवडा.

पाण्याचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. विश्वामित्री नदी चढली की काळा घोडा पुलाची पातळी किती फूट, हे बडोद्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, आणि ऑगस्ट २०२४च्या पुरानंतर तर तळमजला घेताना सगळेच दहादा विचार करतात. तीच सवय इथे वापरा, पण एक फरक लक्षात घ्या. आपल्याकडे आजवा धरणाचं पाणी सुटतं, नदी चढते, सामान माळ्यावर टाकायला वेळ मिळतो. त्या खोऱ्यात धोका नदीपेक्षा डोंगरावरून उतरणाऱ्या ओढ्यांचा जास्त. २९ मे २०१६ ला शेजारच्या ब्राउन्सबाखमध्ये एका ओढ्याने थोड्या वेळात गावाचा मधला भाग दगडमातीने भरून टाकला. क्युन्त्सेल्साऊतही त्या दिवशी पाणी घुसलं. राज्य सरकारचे पूर-नकाशे ऑनलाइन फुकट बघता येतात. त्यात पत्ता टाकून ‘हाकू-१००’, म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची रेघ बघा. मात्र तो नकाशा नदीनाल्यांच्या पुराचा. ढगफुटीच्या पाण्याचा नकाशा वेगळा असतो, तो नगरपालिकेकडे मागा. घरमालकाला एवढंच विचारा: तळघरात कधी पाणी आलं होतं का? कारण वॉशिंग मशीन आणि तुमच्या रिकाम्या बॅगा बहुतेक तिथेच राहणार. घरसामानाचा विमा घ्याल तेव्हा त्यात पूर धरलेला आहे का ते बघा. साध्या विम्यात तो नसतो, वेगळा जोडावा लागतो.

उतारावरच्या घरांत एक प्रकार फार दिसतो: आइनलीगरवोनुंग. मालक वर राहतो आणि खालचा अर्धा मजला भाड्याने देतो. समोरून बघाल तर बाग, मोठी खिडकी, ऊन. मागची भिंत मात्र मातीत गाडलेली. भाडं कमी असतं आणि नवख्या माणसाला ते सहज मिळतं. पण मागच्या खोलीत ओल येते. बघायला जाल तेव्हा मागच्या भिंतीचा खालचा कोपरा आणि खिडकीच्या चौकटीच्या तळाची रबरी पट्टी बघा. पट्टीवर काळे ठिपके असतील तर बुरशी. सगळी भिंत जुनी पिवळट आणि कोपऱ्यात तेवढा हातभर पांढराशुभ्र नवा रंग असेल, तर बुरशी झाकलेली. अशा घराची कायद्यातही एक मेख आहे: घरात दोनच बिऱ्हाडं असून एकात मालक स्वतः राहत असेल, तर तो कारण न देता नोटीस देऊ शकतो. फक्त नेहमीच्या मुदतीत तीन महिने जास्त द्यावे लागतात. शाळेत जाणारं मूल असेल तर याचा विचार करा.

बुरशीत आपल्या स्वयंपाकाचाही वाटा असतो. भात, वरण, कुकरच्या शिट्ट्या यांची वाफ बंद खिडक्यांच्या घरात गार भिंतीवर जाऊन बसते. खिडकी तिरकी उघडून दिवसभर ठेवणं हा उपाय नव्हे, त्याने भिंत आणखी गार पडते. दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटांत बंद करायच्या. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. स्वयंपाकघराला स्वतःची खिडकी हवीच. चिमणी हवा बाहेर टाकते की नुसती गाळून आत सोडते, तेही बघा. दुसऱ्या प्रकारात फोडणीचा वास कोटांमध्ये जाऊन बसतो.

जाहिरात वाचताना: ‘३ झिमर’ म्हणजे आपला टू बीएचके. हॉल मोजतात, स्वयंपाकघर आणि बाथरूम मोजत नाहीत. काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं, वार्ममीटे म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून. वीज आणि इंटरनेट त्यातही नसतं. ‘स्वयंपाकघर नाही’ असं लिहिलं असेल तर खरोखरच ओटा, सिंक, शेगडी काही नसतं, भिंतीतून दोन नळ तेवढे बाहेर आलेले. दिव्यांच्या जागीही नुसत्या वायरी लोंबतात. जुना भाडेकरू आपलं स्वयंपाकघर विकत देत असेल तर घासाघीस करून घ्या, नवीन बसवून घ्यायला आठवडे जातात.

हीटिंगचा आकडा विचारल्याशिवाय भाड्यांची तुलना करू नका. घर दाखवताना मालकाने ऊर्जेचा दाखला, एनर्गीआउसवाइस, दाखवायचा असतो. जुन्या गावातल्या संरक्षित वास्तूंना मात्र यातून सूट आहे, आणि तीच घरं सर्वांत गार. त्यावरचा आकडा म्हणजे वर्षाला दर चौरस मीटरमागे किती युनिट. ७० चौरस मीटरच्या घराचा आकडा २०० असेल तर वर्षाला साधारण १४,००० युनिट. युनिटला १२ सेंट धरले तर महिना १४० युरो. आकडा ७० असेल तर तेच ४९ युरोत भागतं. मालक आगाऊ खर्च मुद्दाम कमी लावतो आणि वर्षाअखेर फरकाचं बिल पाठवतो, असंही होतं. म्हणून मागच्या वर्षाचा हिशेब, नेबेनकॉस्टेन-आब्रेख्नुंग, बघायला मागा. देत नसेल तर ओळखून घ्या.

दलाली देऊ नका. जून २०१५ पासून ज्याने दलाल नेमला त्यानेच पैसे द्यायचे असा कायदा आहे. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन काल्टमीटे. भाडं ७५० असेल तर २,२५० युरो, आणि तेही तीन मासिक हप्त्यांत द्यायचा तुमचा हक्क आहे. घर न बघता, करार न करता ‘चावी कुरियरने पाठवतो’ म्हणणाऱ्याला एक युरोही देऊ नका. स्वतः जाता येत नसेल तर ऑफिसातल्या कुणाला तरी पाठवा. व्हिडिओ कॉलवर नळ सोडायला आणि वर सांगितलेला कोपरा दाखवायला सांगा. छोट्या गावात बरीच घरं मोठ्या वेबसाइटवर येतच नाहीत. नगरपालिकेचं साप्ताहिक पत्रक आणि कंपनीचा सूचनाफलक तिथे जास्त कामाचा.

करारात ‘क्युंडिगुंग्सफरत्सिख्ट’ हा शब्द शोधा. म्हणजे इतका काळ घर सोडणार नाही, असं लिहून देणं. चार वर्षांपर्यंत ते कायदेशीर असतं. नोकरीचे पहिले सहा महिने प्रोबेशन असेल तर यावर सही करू नका. एरवी तुमची नोटीस तीन महिन्यांची.

सुरुवातीला महिना-दोन महिने सजवलेलं घर घेणार असाल तर आधी विचारा: नगरपालिकेत नोंदणीसाठी घरमालकाचा दाखला देणार का? नोंदणी दोन आठवड्यांत करायची असते. ती झाल्यावर करक्रमांक पोस्टाने येतो. तो ऑफिसला वेळेवर मिळाला नाही तर पगारातून सगळ्यात जास्त दराने कर कापतात. आणि पहिल्याच दिवशी टपालपेटीवर आणि बेलवर आडनावाची चिठ्ठी चिकटवा, तिघांची आडनावं वेगळी असतील तर तिन्ही. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, फ्लॅट नंबर असा प्रकार तिथे नसतो.

मुलीसाठी: किंडरगार्टनची जागा घर ठरण्याआधीच नगरपालिकेकडे विचारा, आणि आठ तास सांभाळणारी आहे की दुपारीच सोडणारी, हेही. प्राथमिक शाळा पत्त्यावरून ठरते. ३० जूनपर्यंत सहा पूर्ण होणारं मूल त्या सप्टेंबरला पहिलीत जातं, तेव्हा दोन वर्षांनंतरची शाळा आजच्या पत्त्यात आहे.

एवढं सगळं धरून, तुमच्यासाठी: पहिलं वर्ष खाली गावात, बस स्थानकापासून दहा मिनिटं चालत, पुराच्या रेघेच्या वर, पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावर. चर्चच्या अगदी शेजारी नको, घंटा दर पाव तासाला वाजते. हिवाळ्यात खोऱ्यात धुकं साचतं आणि ऊन लवकर डोंगराआड जातं, म्हणून हॉल दक्षिणेला बघणारा घ्या. जिन्याची झाडलोट आणि बर्फ काढायची पाळी कुणाची, ते करारात वाचा. बर्फ सहसा सकाळी सातच्या आत काढावा लागतो, म्हणजे फावडं आधीच आणून ठेवायचं. लायसन्स हातात आलं की मग टालेकरकडे बघा. वर ऊन जास्त आणि पुराची भीती कमी, पण गाडी ठेवायच्या जागेचं भाडं वेगळं लागतं का, ते त्याच फोनमध्ये विचारून घ्या.